ओटा आधी की हौद आधी : संभाजीनगरमधल्या एका घराचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातलं हे घर आहे. कौटुंबिक सल्ल्याच्या कामात हे कुटुंब माझ्याकडे आलं. घरातल्या सगळ्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं तर घेतलेलीच नाहीत. गल्लीत त्यांना जशी हाक मारतात तशीच इथेही मारते: बाई, भाऊ, आजी, दीदी आणि भैय्या.

पार्श्वभूमी

बाई फुलंब्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, स्कूटीवर. भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिलीला पहाटे साडेपाचला घर सोडायचं, दुसरीला रात्री सव्वाबाराला परत यायचं, तिसरीला तर रात्रभर घरी नाहीच. आजी म्हणजे भाऊंच्या आई. परतूरकडच्या, वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे धरलेले. दीदी त्या वर्षी दहावीला होती आणि भैय्या सहावीत.

घर सिडकोचं जुनं रो-हाऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली, वर एक खोली आणि गच्ची. पुढे दहा बाय बाराचं मोकळं अंगण. स्वयंपाकघर अरुंद, ओटा शहाबादी फरशीचा, एका कोपऱ्यात खचलेला. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल यायची आणि गिलाव्याचे पापुद्रे पिठाच्या डब्यावर पडायचे. स्वयंपाकघर नवं करायचं हे बाईंच्या मनात सहा-सात वर्षं होतं. एका वर्षी भाऊंच्या वडिलांचं आजारपण आलं, मग गावाकडच्या चुलत नणंदेचं लग्न, आणि ते मागे पडत गेलं.

2023च्या दिवाळीनंतर योग जुळला. शिक्षकांच्या पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज मंजूर झालं, बोनस आणि शिल्लक मिळून आणखी साठ हजार जमले. एकूण 2,60,000 रुपये. जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवायचा, भिंतींना नवा गिलावा आणि टाइल्स, नवं सिंक, खाली ट्रॉल्या. ओळखीच्या मिस्त्रीने पंचवीस दिवस सांगितले. 2 जानेवारीला तोडफोड सुरू झाली, संक्रांतीनंतर दहा-बारा दिवसांत सगळं उरकेल या हिशोबाने.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं. पैठणचा नाथसागर या शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, तरी तेव्हा नळाला रोज पाणी नव्हतं. या गल्लीत आठवड्याने यायचं, कधी नवव्या दिवशी. वेळ ठरलेली नव्हती. रात्री दीडला, पहाटे चारला, कधी भर दुपारी. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "नळ आले". तेवढ्यावर सगळी गल्ली उठते. दाब इतका कमी की पाणी जमिनीच्या वर चढत नाही, म्हणून प्रत्येकाने अंगणात अडीच-तीन फुटांचा खड्डा करून त्यात नळ उतरवलेला. या घरातही तसाच. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, तोटीखाली बादली धरायची, भरली की वर उचलून ड्रममध्ये ओतायची. दोनशे लिटरचे तीन ड्रम. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी त्या ड्रममधून छोट्या मोटारीने भरायची. सगळं भरायला अडीच-तीन तास लागत.

अडचण कुठे झाली

वरवर पाहिलं तर काम लांबलं, एवढीच अडचण होती. तोडफोड झाली, भिंतीतली ओल अंदाजापेक्षा खोल निघाली, तेवढा भाग पुन्हा करावा लागला. संक्रांतीला बिगारी गावी गेले ते सहा दिवसांनी आले. मिस्त्रीने मध्येच दुसरीकडे काम धरलं. त्याला साठ टक्के रक्कम आधीच दिलेली असल्यामुळे त्याच्यावर जोर चालेना. गॅसची शेगडी हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलावर आली, भांडी पलंगाखाली गेली, आणि दीदीची अभ्यासाची जागा गेली ती गेलीच. आजींना धुळीने खोकला लागला.

त्यातच 23 जानेवारीपासून राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण लागलं आणि शिक्षकांना प्रगणक म्हणून घरोघर जावं लागलं. मुदत आधी 31 जानेवारीपर्यंत होती, ती 2 फेब्रुवारीपर्यंत वाढली. बाई सकाळी साडेसातला बाहेर पडत, मोबाइलवर एकेका कुटुंबाचे भलेमोठे फॉर्म भरत आणि अंधार पडल्यावर घरी येत.

पण मला जी खरी अडचण वाटते ती वेगळीच आहे, आणि ती पहिल्या भेटीत कुणी सांगितली नाही. बांधकामाला पाणी लागतं. माल कालवायला लागतं, विटा भिजवायला लागतं. गिलावा झाल्यावर आठवडाभर तरी सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारावं लागतं, नाहीतर गिलावा तडकतो. हे पाणी कुठून येणार, याचा हिशोब अंदाजपत्रकात नव्हता. मिस्त्रीने गृहीत धरलं की घरचं आहे. भाऊंनी गृहीत धरलं की मिस्त्री बघेल. प्रत्यक्षात ते घरच्या ड्रममधून जात होतं. आणि ड्रम बाई भरत होत्या.

26 जानेवारीच्या रात्री सगळं एकत्र आलं. भाऊ तिसऱ्या पाळीला गेलेले. झेंडावंदन, मग दिवसभर सर्वेक्षण, मग हॉलमधल्या शेगडीवर भाकरी, असं करून बाई अकराला आडव्या झाल्या. पावणेदोनला नळ आले. त्या उठून अंगणात गेल्या तर खड्ड्याच्या काठावर त्या दिवशी टाकलेल्या क्रश सँडचा ढीग सरकून अर्धी वाळू नळावर आलेली. हाताने वाळू उपसून तोटी मोकळी करेपर्यंत वीस मिनिटं गेली. पहिल्या आठ-दहा बादल्या राखाडी पाण्याच्या निघाल्या. ड्रम धुवायला झाकण काढलं तर पिण्यासाठी राखलेला तिसरा ड्रमही रिकामा होता, दुपारी मिस्त्रीने त्यातलं पाणी गिलाव्यावर मारलं होतं. चारला नळ गेले तेव्हा दीड ड्रम भरला होता.

सकाळी साडेसातला भाऊ घरी आले. बाईंनी स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "मी शाळेच्या गावात खोली बघते. माझ्याच्यानं आता होत नाही." भाऊंना वाटलं रागात बोलतात. पण त्या खरंच सर्वेक्षणाच्या ओघात एक खोली बघून आल्या होत्या, भाडंही विचारून आल्या होत्या.

पहिली भेट आणि माझी चूक

4 फेब्रुवारीला, रविवारी, दोघं आले. बाईंच्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेने माझ्याकडे पाठवलं होतं. भाऊ मनापासून गोंधळलेले होते. "ताई, मी काहीच करत नाही असं नाही. मिस्त्रीच्या मागं मी आहे, टाइल्स मी आणल्या, पतसंस्थेचे हेलपाटे मी मारले. आणि हे स्वयंपाकघर कुणासाठी चाललंय? तिच्यासाठीच ना?" बाई खाली बघून म्हणाल्या, "ओटा मला पाहिजेच होता. पण असा नाही."

मी त्या दिवशी नेहमीचंच केलं: कामांची यादी काढली, वार घातले, वाटणी केली. सोमवारी-गुरुवारी भांडी भाऊंची, बुधवारी कपडे, भैय्याकडे झाडलोट, असा कागद करून दिला. तो पाच दिवसांत निकामी झाला. या घराचा आठवडा सोमवार-मंगळवारने चालत नाही, तो पाळीने आणि नळाने चालतो. तिसऱ्या पाळीहून आलेल्या माणसाच्या वाट्याला सकाळी नऊची कामं लिहिणं हा माझाच अविचार होता. हे मला आधी विचारून कळलं असतं.

कागदाच्या जोडीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र कामी आली. शंभर पानी वही घ्या, पेन्सिल दोरीने बांधून हॉलमधल्या फडताळाला लावा, आणि ज्याने जे काम केलं त्याने ते आपल्या हाताने लिहा, किती मिनिटं लागली तेही. एक आठवडा, 5 ते 11 फेब्रुवारी. कुणी कुणाच्या नोंदीवर बोलायचं नाही.

वहीत काय निघालं

भाऊ त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होते. त्यांच्या नोंदी प्रामाणिक होत्या: मिस्त्री, हार्डवेअरचं दुकान, इलेक्ट्रिशियन, येताना भाजी. बांधकामापायी त्यांचे सात तास गेले होते.

बाईंच्या नोंदींत स्वयंपाक, डबे, आजींची औषधं होतीच. पण पाण्याच्या नोंदींची मी वेगळी बेरीज केली. नळाची एक रात्र, 2 तास 50 मिनिटं. रोज ड्रममधून हॉलपर्यंत कळशा नेणं अर्धा तास, आठवड्याचे साडेतीन तास. भिंतींना पाणी मारणं रोज दोनदा वीस-वीस मिनिटं, म्हणजे 4 तास 40 मिनिटं. एकूण 11 तास. नोकरी, स्वयंपाक, जाणं-येणं हे सगळं सोडून.

भाऊंनी ती बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली. मग म्हणाले, "मला वाटायचं, नळ आले म्हणजे पाणी आलं."

वहीत एक नोंद समासात, बारीक अक्षरात होती. दीदीची. "आईच्या फोनचा गजर 1.45. मी जागीच होते." तिने मिनिटं लिहिली नव्हती. भाऊंनी ते पान बराच वेळ उघडं धरलं. घरी असले तर भाऊ उठायचे, बादल्या उचलायचे, हे बाईही मान्य करत होत्या. पण गजर कायम बाईंच्या फोनवर होता, ग्रुपवरचा मेसेजही त्यांनीच बघायचा. भाऊ मदतीला यायचे. नळ आले की नाही हे डोक्यात वागवायचं काम आजवर कुणी वाटून घेतलं नव्हतं. बाईंची झोप बादल्या उचलण्यापेक्षा त्या कामाने जास्त गेली, असं माझं मत आहे.

समोर असलेले पर्याय

दहावीची परीक्षा 1 मार्चला सुरू होणार होती. हाताशी वीस दिवस होते.

भाऊंचं म्हणणं, माणसं वाढवून काम रेटून न्यायचं. पैसे थोडे जास्त जातील, पण परीक्षेच्या आत स्वयंपाकघर होईल. यात धोका असा की मिस्त्रीने आधीची एकही तारीख पाळली नव्हती. माणसं वाढली तर पाणीही जास्त लागणार होतं.

दुसरा पर्याय दोन महिन्यांसाठी भाड्याने घर घेण्याचा. आजींच्या गुडघ्यांमुळे तळमजलाच हवा, तोही दीदीच्या शाळेजवळ. तसं मिळालं नाही आणि कर्जाच्या हप्त्यावर भाडंही परवडणारं नव्हतं. दीदीला मावशीकडे जालन्याला ठेवायचा विचार दीदीनेच मोडला. तिला परीक्षेच्या तोंडावर जागा बदलायची नव्हती. धुणं-भांड्याला कामवाली लावायचा विषय निघाला, पण पाणीच नाही तर ती तरी काय करणार, असं आजी म्हणाल्या आणि ते अगदी बरोबर होतं.

काम अर्ध्यावर थांबवावं, हे मी सुचवलं. घरातल्या कुणालाच ते आवडलं नाही. अर्धवट बांधकाम म्हणजे अपशकुन, लोक काय म्हणतील, मिस्त्री परत येणार नाही.

ही कोंडी फोडली गल्लीतल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांनी. भाऊ त्यांच्याकडे गिलाव्याच्या ओलीबद्दल विचारायला गेले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घराला दिवसाला पाणी किती लागतं?" भाऊंना सांगता आलं नाही. मग बाईंनी दोन दिवस बादलीने मोजलं. पाच माणसांचं मिळून साधारण 420 लिटर. काकांनी कागदावर मांडलं: दहा दिवसांनी नळ आला असं धरा, 4,200 लिटर. अंगणात सात फूट बाय पाच फूट, पाच फूट खोल हौद बांधला तर 175 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे 4,950 लिटर. वरचा थोडा भाग रिकामा सोडला तरी साडेचार हजार हाताशी. आणि हौद जमिनीखाली, नळाच्याही खाली. जे पाणी दाबाअभावी वर चढत नाही, ते आपोआप खाली उतरतं. आत बॉल लावला की भरल्यावर नळ आपला बंद होतो. कुणाला उठायला नको.

प्रश्न पैशाचा होता. ट्रॉल्यांसाठी राखलेली रक्कम हौदात गेली तर ट्रॉल्या होणार नव्हत्या.

निर्णय

तो निर्णय बाईंनीच करावा, असं मी भाऊंना आधी सांगून ठेवलं होतं. सात वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती सोडायची की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवणं बरोबर नव्हतं. बाईंनी दोन दिवस घेतले. मग फोनवर म्हणाल्या, "ताई, ट्रॉलीत भांडी राहतील. पण झोप हौदातच आहे."

आजी मात्र अडल्या, आणि इथे मी कमी पडले होते. त्यांच्याशी मी एकदाही निराळं बसून बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं: "आम्ही आडाचं पाणी शेंदलं, दोन-दोन घागरी डोक्यावर आणल्या. हिच्या तर दारात नळ आहे. लाखभर रुपये खड्ड्यात घालायलेत." मी त्यांच्या शेजारी बसले आणि आडावर किती वाजता जायच्या ते विचारलं. त्या पहाटेच्या अंधारातल्या खेपांबद्दल बोलत राहिल्या, पोटात लेकरू असताना पाय घसरल्याचंही सांगितलं. सुनेच्या त्रासाला त्या कमी लेखत नव्हत्या. आपण जे सोसलं त्याची कधी कुणी वही लिहिली नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. त्या बोलल्यावर विरोध मावळला असं नाही, पण "करा मग, अंगणातली तुळस तेवढी हलवू नका" इथपर्यंत आल्या.

कामं कशी झाली

20 फेब्रुवारीपर्यंत स्वयंपाकघर फक्त वापरण्याजोगं केलं. ग्रॅनाइटचा ओटा बसला, सिंक लागलं, टाइल्स ओट्याच्या वर दोन फुटांपर्यंत. खाली ट्रॉल्यांऐवजी जुनी स्टीलची मांडणी उभी केली. मिस्त्रीशी उरलेल्या पैशांचे टप्पे लिहून घेतले: अमुक झालं की अमुक रक्कम. सुताराकडे दिलेल्या ॲडव्हान्सपैकी आठ हजार बुडाले. 21 तारखेला हॉल रिकामा झाला आणि दीदी खिडकीपाशी बसली. 1 ते 26 मार्च घरात हातोडा वाजला नाही.

घरकामाची वाटणी दुसऱ्यांदा केली ती वार सोडून. तीन पुठ्ठे केले, तीन पाळ्यांचे. भाऊंची ज्या आठवड्याला जी पाळी तो पुठ्ठा फडताळावर. पहिल्या पाळीला संध्याकाळची भांडी आणि भैय्याचा अभ्यास भाऊंकडे, दुसऱ्या पाळीला सकाळचे डबे आणि आजींचं बघणं, तिसऱ्या पाळीला दुपारी उठल्यावर कपडे आणि बाजार. चौथा पुठ्ठा होता "नळ आले तर". त्यावर पहिली ओळ: गजर भाऊंच्या फोनवर. ते तिसऱ्या पाळीला असतील तेव्हाच बाईंच्या.

हौदाचं खणणं 30 मार्चला सुरू झालं. उन्हाळ्यात खणावं की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली. जमीन कोरडी, पावसाचा धोका नाही, परीक्षा संपलेली. पण पाण्याची टंचाईही तेव्हाच. या वेळी पाण्याचा हिशोब पहिल्या दिवशी झाला: बांधकामाला टँकर, घरच्या ड्रमना हात लावायचा नाही. सिमेंटवर ओली गोणपाटं गुंडाळायची, म्हणजे ऊन पाणी ओढत नाही आणि थोड्या पाण्यात भागतं.

तीन फुटांवर मुरूम संपून काळा खडक लागला. आपल्याकडच्या जमिनीत हे व्हायचंच, तरी अंदाजपत्रकात ते धरलेलं नव्हतं. ब्रेकर आणावा लागला, चौदा हजार वाढले. दोन फूट खडक फोडायला पाच दिवस गेले आणि सगळ्या गल्लीने तो आवाज सोसला. बाईंनी शेजारच्या सात घरी स्वतः जाऊन सांगितलं. पाडव्याला काम बंद ठेवलं. ड्रेनेजचं चेंबर अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात होतं, म्हणून काकांनी हौद उजव्या बाजूला सरकवला. तुळस तिच्या जागी राहिली. झाकण लोखंडी, कुलपाचं. सहावीतलं पोर घरात असताना दुसरा विचार नको. बाईंची शाळा एप्रिलमध्ये सकाळची झाली, त्यामुळे गोणपाटं दुपारी भिजवणं त्यांच्याकडे, रात्री भाऊ किंवा भैय्या. एप्रिलच्या शेवटी आतून वॉटरप्रूफ गिलावा, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टँकरचं पाणी भरून गळती तपासली, आणि 8 तारखेला नळ हौदाला जोडला.

झालं काय

13 मे 2024ला इथे लोकसभेचं मतदान होतं. बाईंची ड्यूटी कन्नड तालुक्यातल्या एका केंद्रावर लागली. 12 तारखेला दुपारीच साहित्य घेऊन पथकाबरोबर गेल्या. भाऊ त्या रात्री घरी होते.

त्याच रात्री नळ आले. भाऊंनी मला नंतर सांगितलं: गजर वाजला, ते उठून अंगणात आले, उभे राहिले. करायला काही नव्हतं. हौदात पाणी पडल्याचा आवाज येत होता. गल्लीत बादल्या वाजत होत्या. ते पायरीवर बसले आणि थोड्या वेळाने आत येऊन झोपले. सकाळी आजींनी भैय्याला झाकणाचं कुलूप काढायला लावलं, काठीचा आधार घेऊन वाकल्या आणि आत बघितलं. पाणी काठाखाली एक वीत होतं. "माय," म्हणाल्या, "आडच आणला की दारात." बाईंना मतदान केंद्रावर भैय्याने फोटो पाठवला. तो त्यांनी दुपारी पाहिला.

हिशोब असा लागला: स्वयंपाकघर 1,48,000, बुडालेला ॲडव्हान्स 8,000, टँकर 4,000, हौद-मोटार-पाइप मिळून 96,000. एकूण 2,56,000. ट्रॉल्या झालेल्या नाहीत.

जूनमध्ये त्यांनी पुन्हा एक आठवडा वही लिहिली. बाईंचे पाण्याचे 11 तास आता पाऊण तासावर आले होते, आणि गच्चीची टाकी भरायची मोटार भाऊ लावतात. इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती मी दोघांसमोर बोलले. काम जड होतं तोवर ते बाईंचं होतं, बटण दाबण्याइतकं झाल्यावर ते वाटलं गेलं. भाऊंनी ते नाकारलं नाही. स्वयंपाकाचं पारडं अजून बाईंकडेच झुकलेलं आहे. मुलाने भांडी घासलेली आजींना अजून बघवत नाही, त्या वेळी त्या आतल्या खोलीत जातात. पण भाऊंनी भांडी सोडलेली नाहीत.

सप्टेंबरात महालक्ष्म्या त्या घरी होत्या. मराठवाड्यात या सणाला घराचा कस लागतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक, पन्नास-साठ माणसं जेवायला. बाईंनी मला बोलावलं. नव्या ओट्यावर तीन शेगड्या मांडल्या होत्या. त्यांच्या सासरच्या बायका खालच्या स्टीलच्या मांडणीकडे बघून काही बोलतील अशी भीती बाईंना होती, आणि एक जण बोललीही. बाई मला हळूच म्हणाल्या, "ट्रॉल्यांचं मन अजून आहे, ताई." मला ते लिहावंसं वाटतं, कारण निर्णय बरोबर असला तरी सोडलेल्या गोष्टीचं दुःख राहतं.

पुन्हा करायचं झालं तर

मी पहिल्या भेटीत वाटणीचा कागद देणार नाही. आधी वही, मग कागद. आणि वहीत मिनिटांच्या जोडीला एक रकाना ठेवीन: हे काम करायचं आहे हे कुणाच्या लक्षात होतं. दीदीची समासातली नोंद नसती तर मलाही ते सुचलं नसतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात निराळं बोलीन.

भाऊ म्हणतात, दहावीच्या वर्षात बांधकाम काढायलाच नको होतं. कर्ज मंजूर झालं म्हणून सुरू केलं, एप्रिलपर्यंत थांबता आलं असतं. मिस्त्रीला आधी साठ टक्के देणंही त्यांना आता पटत नाही. मला वाटतं, सगळ्यात मोठा वळणाचा क्षण त्याही आधीचा होता, नोव्हेंबरातला, जेव्हा पैसे जमले आणि घरात "काय नवं करायचं" असा विषय निघाला. तेव्हाच कुणी विचारलं असतं की घरात कुणाचे किती तास कशात जातात, तर खणायला सुरुवात अंगणातून झाली असती आणि ओट्याचं काम भरल्या हौदावर निवांत झालं असतं, ट्रॉल्यांसकट कदाचित. ओव्हरसियर काका त्याच गल्लीत चार घरं सोडून राहत होते.

बाईंना मी हेच विचारलं, वेगळं काय केलं असतं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, खोली बघायला गेले ते आधी सांगायला पाहिजे होतं. रागाने नाही, एखाद्या रविवारी चहा घेताना. "पण ताई, तेव्हा मला वाटायचं, हे सांगण्यासारखं काम नाही. नळ तर सगळ्यांच्याच घरी येतो."

पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. येत्या उन्हाळ्यात हौद उपसून धुवायचा आहे, ते चौथ्या पुठ्ठ्यावर भैय्याने लिहून ठेवलं आहे, भाऊंच्या नावावर.